टपालाची छाननी आणि बटवडा : रेल्वे टपाल सेवेपासून ई-मेल सर्व्हरपर्यंत

प्रस्तावना

कन्हान हे नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी तालुक्याचे, कन्हान नदीच्या काठी वसलेले गाव. नागपूरहून बिलासपूरकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो आणि रामटेकचा फाटा येथेच फुटतो. नदीच्या पलीकडील काठावर कामठी आहे. तेथे इंग्रजांनी १८२१ मध्ये लष्करी छावणी वसविली आणि छावणीबरोबर साहजिकच छावणीचे टपालही आले. अशा गावातील महाविद्यालयात इतिहास शिकविणाऱ्याने ई-मेल सर्व्हरवरील छाननीच्या पद्धतींवर लिहावे, हे काही सहकाऱ्यांना चमत्कारिक वाटण्याची शक्यता आहे. संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी हा विषय हाताळावा आणि इतिहासकाराने भोसले घराण्याकडे वळावे, अशी आपली विभागणी ठरून गेलेली आहे.

परंतु प्रश्न मुळात जुना आहे. पत्र लिहिणारा आणि पत्र घेणारा यांच्यामध्ये नेहमीच कोणीतरी तिसरा उभा असतो. तो पत्र हातात घेतो, पत्ता वाचतो आणि ते कोणत्या खणात टाकायचे हे ठरवितो. हा तिसरा कधी हरकारा होता, कधी रेल्वेच्या डब्यातील सॉर्टर. आज तो सर्व्हरवर चालणारा एक कार्यक्रम आहे. प्रस्तुत लेखात या तिसऱ्याच्या कामाची तुलना एकाच कसोटीवर केली आहे : त्याच्याकडून चूक झाली, तर पत्राचे काय होते? वेग, क्षमता व खर्च या कसोट्यांवर तुलना करणारे लेखन तांत्रिक पुस्तकांत मुबलक आहे. पत्राच्या नशिबाचा प्रश्न मात्र त्यात अभावानेच आढळतो.

धावत्या डब्यातील छाननी

१८५४ हे वर्ष नागपूरच्या इतिहासात दुहेरी महत्त्वाचे आहे. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निधन पावले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून हिंदुस्थानात एकसमान टपालदर लागू झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, ते कितीही दूर जावयाचे असो, अर्धा आणा हंशील पडू लागले. दर अंतरावर अवलंबून न राहिल्याने पत्रांची संख्या वाढली आणि तिच्यासोबत छाननीचे ओझेही वाढले.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. नागपूर-छत्तीसगड हा मीटरमापी मार्ग १८८० मध्ये सुरू झाला आणि कन्हान नदी ओलांडून पूर्वेकडे गेला. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो घेऊन रुंदमापी केला. टपाल खात्याने रेल्वेचा उपयोग केवळ वाहतुकीसाठी केला नाही. १८६० च्या दशकातच अलाहाबाद-कानपूर मार्गावर गाडी धावत असताना डब्यातच पत्रांची छाननी करण्याची व्यवस्था सुरू झाली व तिच्यातून रेल्वे टपाल सेवा आकारास आली. नागपूरचा विभाग आजही त्या सेवेत 'एफ' विभाग म्हणून ओळखला जातो.

डब्याची रचना समजून घेणे येथे अगत्याचे आहे. एका बाजूस छोट्या-छोट्या खणांची लाकडी चौकट असे. सॉर्टर उभ्याने पत्रांचा गठ्ठा डाव्या हातात धरी आणि उजव्या हाताने एकेक पत्र खणात टाकी. कोणते गाव कोणत्या टपाल कार्यालयाखाली येते आणि ते कार्यालय कोणत्या गाडीने गाठता येते, हे त्याला पाठ असावे लागे. खण भरला की बंडल, बंडलावर चिठ्ठी, बंडल थैलीत आणि थैली पुढच्या स्थानकावर खाली. गाडी सुटण्याच्या बेतात असताना 'लेट फी' भरून डब्याच्या पेटीत पत्र टाकण्याची सोयही होती. सॉर्टर जे पाहत असे, ते लिफाफ्याच्या बाहेरचे. आत काय लिहिले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते, इतकेच नव्हे तर ते पाहणे हा गुन्हा होता. १८९८ च्या भारतीय टपाल कार्यालय अधिनियमाच्या कलम ५३ अन्वये टपाल उघडणे, अडवून ठेवणे किंवा त्यास विलंब लावणे हे खात्याच्या नोकरासाठी शिक्षापात्र होते. अर्थात त्याच कायद्याच्या कलम २६ ने सरकारला विशिष्ट परिस्थितीत पत्रे अडविण्याची मुभा दिली होती आणि वासाहतिक सरकारने तिचा वापर केला, हेही नमूद करावयास हवे. नियम लिफाफ्याचा होता, अपवाद आतल्या मजकुराचा होता. हा क्रम पुढे उलटा झाला.

वेलणकरांचे सहा अंक

सॉर्टरच्या स्मरणशक्तीवर उभी असलेली ही व्यवस्था स्वातंत्र्योत्तर काळात अपुरी पडू लागली. एकाच नावाची अनेक गावे, पत्ता लिहिण्याच्या अनेक लिपी आणि वाढत्या नगरवस्त्या, अशी ही अडचण होती. कन्हानसारख्या खाण व कारखान्यांच्या गावी, जेथे कामगार निरनिराळ्या प्रांतांतून आले, तेथे येणाऱ्या पत्रांवर किती लिपींत पत्ते असतील याची कल्पना करता येते.

यावर उपाय योजला तो एका मराठी माणसाने. सिंधुदुर्गात जन्मलेले श्रीराम भिकाजी वेलणकर (१९१५-१९९९) हे संस्कृतचे कवी व नाटककार. टपाल व तार मंडळाचे सदस्य असताना त्यांनी सहा अंकी पिनकोडची योजना साकारली व ती १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आली. देशाचे आठ भौगोलिक विभाग आणि सैनिकी टपालासाठी नववा, अशी ती मांडणी. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाननी जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन बटवडा करणाऱ्या कार्यालयाचे. कन्हानचा क्रमांक ४४१४०१. यातील ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग. ४४ म्हणजे विदर्भ. ४४१ मध्ये नागपूर शहराभोवतीचा ग्रामीण भाग व पूर्व विदर्भाचा बराचसा प्रदेश येतो.

या रचनेचे मर्म असे की, छाननी करणाऱ्या प्रत्येकाला आपल्यापुरतेच अंक वाचावे लागतात. चेन्नईच्या सॉर्टरने ४४ पाहिले की त्याचे काम संपले. शेवटचे ४०१ कोणाचे, हे कळण्याची त्याला गरज नाही. संस्कृत श्लोकरचनेत मात्रांचा हिशेब ठेवणाऱ्या व्यक्तीला अंकांची ही उतरंड सुचावी, यात नवल वाटू नये, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. अर्थात हा केवळ तर्क आहे. १९८० च्या दशकात धावत्या डब्यांतील छाननी बंद होऊन ते काम स्थिर कार्यालयांत गेले. २०२५ मध्ये 'डिजिपिन' ही दहा चिन्हांची नवी स्थानदर्शक योजनाही आली. तरीही पत्त्याच्या शेवटी सहा अंक लिहिण्याची सवय कायम आहे.

जुहूहून निघालेली पत्रे

संगणकीय पत्राचा जन्म १९७१ चा. अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये '@' हे चिन्ह ठेवले. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी पत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर देण्याचे नियम 'आरएफसी ८२१' या दस्तऐवजात मांडले. त्या नियमांना एसएमटीपी म्हणतात. टपालाचे नियम लिहिणाऱ्याचे आडनाव पोस्टेल असावे, हा इतिहासातील एक गमतीदार योगायोग होय.

भारतात या क्षेत्राची सुरुवात 'अर्नेट' या प्रकल्पाने झाली. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये तो हाती घेतला. त्यातील पहिली ई-मेल जोडणी मुंबईत, जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था आणि पवईचे आय.आय.टी. यांच्यात झाली. डॉ. श्रीनिवासन रामाणी त्या वेळी जुहूच्या संस्थेचे प्रमुख होते. साधी टेलिफोनची तार, तिच्यावर ठरावीक वेळी लागणारा फोन आणि साठवून पुढे पाठविण्याची 'यूयूसीपी' ही पद्धत, असे त्याचे स्वरूप होते. यूयूसीपीत पत्ता लिहिताना वाटेतील प्रत्येक यंत्राचे नाव उद्गारचिन्हाने जोडून द्यावे लागे. म्हणजे कन्हानला पत्र पाठविणाऱ्याने पत्त्यावर 'भुसावळ, बडनेरा, वर्धा, नागपूर, कन्हान' असा सारा मार्ग लिहावा, तसा हा प्रकार. पत्ता लिहिणाऱ्यालाच सॉर्टर व्हावे लागत होते. १९८३ पासून आलेल्या नामव्यवस्थेने आणि १९८६ च्या 'एमएक्स' नोंदींनी ते ओझे उतरविले : अमुक संस्थेचे टपाल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचे, हे त्या संस्थेनेच जाहीर करावयाचे. वेलणकरांच्या अंकांनी जे १९७२ मध्ये साधले, तेच येथे अक्षरांनी साधले. फरक इतकाच की पिनकोड मोठ्याकडून लहानाकडे वाचला जातो, तर ई-मेलचा पत्ता लहानाकडून मोठ्याकडे लिहिला जातो व सर्व्हर तो उजवीकडून वाचतो.

सामान्य ग्राहकाला ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागली. त्या दिवशी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथे इंटरनेट सुरू केले. विद्यार्थ्यांसाठी केवळ अक्षरे दाखविणारे 'शेल' खाते मिळे. त्या पिढीतील ज्यांनी ते वापरले, त्यांना काळ्या पडद्यावर पत्र उतरण्याची प्रतीक्षा आठवत असेल. दोन्ही ठिकाणी १५ ऑगस्टच का, हा स्वतंत्र भारतातील प्रशासकीय इतिहासाचा विषय आहे, त्यात येथे शिरत नाही.

नॉटपेडचा न्याय

टपालात हंशील पाठविणारा भरतो. तिकीट न लावता पेटीत टाकलेले पत्र 'नॉटपेड' होऊन येते व घेणाऱ्याकडून कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट आकार मागितला जातो. घेणाऱ्याने नकार दिला, तर तो बोजा पाठविणाऱ्यावर जातो. खेड्यापाड्यांत नॉटपेड पत्र म्हणजे बहुधा मुद्दाम दिलेला त्रास, असाच समज होता. ई-मेलमध्ये असे आढळते की प्रत्येक पत्र हे एका अर्थी नॉटपेड आहे. एक पत्र लिहिणे आणि दहा लाख पत्रे पाठविणे यांच्या खर्चात पाठविणाऱ्याच्या दृष्टीने नाममात्र अंतर असते. जागा, तार आणि वेळ यांचा खर्च घेणाऱ्याच्या सर्व्हरवर पडतो.

मे १९७८ मध्ये गॅरी थ्युर्क या विक्री अधिकाऱ्याने आर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना संगणकाची जाहिरात धाडली. ती पहिली नको असलेली घाऊक चिठ्ठी मानली जाते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा प्रवाह पुरासारखा वाढला आणि छाननीचा अर्थच बदलला. तोपर्यंत छाननी म्हणजे 'कोठे द्यायचे' हे ठरविणे. आता ती 'द्यायचे की नाही' हे ठरविणे झाली. आणि दुसरा निर्णय लिफाफ्यावरून घेता येत नसल्याने सर्व्हर आतला मजकूर वाचू लागला. जे सॉर्टरला गुन्हा होते, ते सर्व्हरचे नित्यकर्म झाले. अमेरिकेने २००३ मध्ये याविषयी स्वतंत्र कायदा केला. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ६६-अ मध्ये त्रासदायक ई-मेलचा उल्लेख होता. तथापि ते कलम अन्य, व अधिक गंभीर, कारणांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात घटनाबाह्य ठरविले. परिणामी छाननीचा कारभार कायद्याऐवजी सर्व्हर चालविणाऱ्यांच्या हाती राहिला.

छाननी कोठे करावी?

सर्व्हरवर छाननी करण्याच्या जागा दोन : दारावर आणि बटवड्याच्या वेळी. पहिली रेल्वे टपालाच्या डब्यासारखी, दुसरी गावच्या पोस्टमनच्या झोळीसारखी.

दारावरील पद्धतींत काळ्या यादीची पद्धत सर्वांत जुनी. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी उपद्रवी सर्व्हरांच्या क्रमांकांची यादी सर्वांना क्षणात पाहता येईल अशी उपलब्ध केली. पत्र देऊ पाहणारा यादीत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवायचे. पद्धत स्वस्त आहे, पण तिचा न्याय सामूहिक शिक्षेचा आहे. एका ग्राहकाच्या दोषामुळे त्या सेवादात्याचा सारा पत्तासमूह यादीत जाऊ शकतो आणि निरपराध ग्राहकाची पत्रे परत येऊ लागतात. जमावबंदीचा इतिहास शिकविणाऱ्यास हे ओळखीचे वाटावे.

दुसरी पद्धत 'ग्रेलिस्टिंग'. इव्हान हॅरिस यांनी ती २००३ मध्ये मांडली. अनोळखी सर्व्हरला प्रथम सांगायचे, 'आत्ता नाही, थोड्या वेळाने या.' एसएमटीपीचे नियम पाळणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो आणि पुन्हा येतो. घाऊक पत्रे फेकणारा सहसा पुन्हा येत नाही. आपल्या सरकारी कार्यालयांत ही पद्धत संगणकाच्या कितीतरी आधीपासून प्रचलित आहे, मात्र तेथे गरजू परत येतो आणि दलालाला परत येण्याची गरजच पडत नाही. ग्रेलिस्टिंगमध्ये पत्र हरवत नाही, उशिरा येते. मुदतीच्या कामात उशीरही हानिकारक ठरतो, ही गोष्ट वेगळी.

बटवड्याच्या वेळच्या छाननीचा इतिहास अधिक रंजक आहे. एरिक ऑलमन यांच्या 'सेंडमेल'ने १९८० च्या दशकात पत्रे आणून पोहोचविण्याचे काम सांभाळले. पण ते पत्र वापरकर्त्याच्या पेटीत टाकणारा कार्यक्रम वेगळा असे. १९९० मध्ये स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांनी या जागेसाठी 'प्रॉकमेल' लिहिले. प्रत्येक वापरकर्ता आपल्या घरच्या दप्तरात नियमांची एक फाइल ठेवी. प्रत्येक नियमाची सुरुवात अपूर्णविराम आणि शून्य यांनी होई. पुढे अट, त्याखाली कृती. विषयात अमुक शब्द असेल तर तमुक पेटीत टाक. या व्यक्तीचे पत्र असेल तर दुसऱ्या पत्त्यावर धाड. आणि हवे तर कोणताही अन्य कार्यक्रम चालव. सामर्थ्य अफाट, लिपी मात्र मोडीहून अवघड.

प्रॉकमेलची चूक सहन करण्याची वृत्ती आमच्या कसोटीवर महत्त्वाची ठरते. नियम लिहिताना अक्षर चुकले तर ते साधारणतः तो नियम ओलांडून पुढे जाते व उरलेल्या सूचना पाळत राहते. चुकीच्या सूचनेनुसार पत्र कायमचे नष्टही होऊ शकते. म्हणूनच त्याच्या माहितीपुस्तिकेतच नवशिक्याला सल्ला दिला आहे की सर्वप्रथम येणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत वेगळ्या जागी ठेवावी आणि त्यातील अलीकडची ३२ शिल्लक राखावीत. हत्याराबरोबर मलमपट्टीही देणारा हा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे. २००१ नंतर अनेक वर्षे त्याची नवी आवृत्ती निघाली नाही आणि २०१४ मध्ये त्याची पूर्वी देखभाल करणाऱ्यानेच ते वापरातून काढावे असे सुचविले.

'मेलड्रॉप' या कार्यक्रमाची वृत्ती याच्या नेमकी उलट. तो आधी नियमांची फाइल पूर्ण वाचतो. तीत व्याकरणाची एकही चूक आढळली, तर पत्र पेटीत टाकतच नाही. ते रांगेत थांबवून ठेवतो. वापरकर्त्याने चूक दुरुस्त केली की पुढील प्रयत्नात बटवडा होतो. पत्ता संशयास्पद असेल तर अंदाजाने कोणत्याही खणात न टाकता वरिष्ठाकडे देणाऱ्या सॉर्टरची ही शिस्त.

तिसरा मार्ग 'सीव्ह' या भाषेचा. जानेवारी २००१ मध्ये टिम शोवॉल्टर यांनी तिचे मानक प्रसिद्ध केले. जानेवारी २००८ मध्ये ते सुधारून आले. नावाचा अर्थ चाळणी. ही भाषा जाणूनबुजून अशक्त ठेवली आहे. मूळ भाषेत आवर्तन नाही, बाहेरचा कार्यक्रम चालविण्याची सोय नाही. कारण १९९० च्या दशकाअखेर वापरकर्त्याचे सर्व्हरवर घर उरले नव्हते, त्याला केवळ पेटी होती. अनोळखी हजारो लोकांचे नियम आपल्या यंत्रावर चालवायचे तर त्यांच्या हाती धारदार हत्यार देता येत नाही. परंतु तिचे खरे वैशिष्ट्य वेगळेच आहे. कोणत्याही नियमाने पत्राची स्पष्ट व्यवस्था लावली नाही, किंवा नियम चालविताना बिघाड झाला, तर पत्र मुख्य पेटीत ठेवले जाते. ते ठेवण्याची आज्ञा लिहावी लागत नाही. ती गृहीत आहे. पत्र नाहीसे करावयाचे असल्यास मात्र तसे स्पष्ट लिहावे लागते. न्यायशास्त्रात संशयाचा फायदा आरोपीला, येथे तो पत्राला.

फिनलंडमधील टिमो सिरायनेन यांच्या 'डव्हकॉट' या सर्व्हरबरोबर सीव्ह वापरण्यासाठी जो पूरक कार्यक्रम आहे, त्याचे नाव 'पिजनहोल'. इंग्रजीत पत्रे टाकण्याच्या लाकडी खणाला हाच शब्द आहे. रेल्वेच्या डब्यातील चौकट अशा रीतीने शब्दरूपाने सर्व्हरवर जाऊन बसली.

प्रस्तुत लेखकाच्या मते, या तिन्हींत सीव्ह ही महाविद्यालयासारख्या संस्थेस सर्वांत योग्य ठरते. प्रॉकमेलचे सामर्थ्य जाणकाराच्या हाती शोभते. मेलड्रॉपची शिस्त आदर्श खरी, पण तिला रांगेकडे रोज लक्ष देणारा माणूस लागतो आणि तो आपल्याकडे नेहमी रजेवर असतो.

लिपीचा अडसर

२००१ मध्ये जस्टिन मेसन यांचे 'स्पॅमअसॅसिन' आले. ते पत्राला गुण देते व गुण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की संशयित ठरविते. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी शब्दांच्या वारंवारतेवरून संभाव्यता काढण्याची पद्धत लोकप्रिय केली. तिचा पाया थॉमस बेझ यांच्या १७६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात आहे. वापरकर्ता ज्या पत्रांना नको म्हणतो त्यांतील शब्द यंत्र लक्षात ठेवते.

ही पद्धत शिकवील तसे शिकते, हे तिचे बलस्थान आणि हाच तिचा धोका. २००० च्या दशकात मराठी पत्रे बहुधा युनिकोडमध्ये नसत. कोणी कोणत्या टंकात, कोणी कोणत्या टंकात लिहून ते पाठवी. टंक नसलेल्या यंत्रावर तीच पत्रे अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसत. इंग्रजी पत्रांवर शिकलेल्या चाळणीस असे पत्र म्हणजे मुद्दाम विस्कटलेली जाहिरातच भासणार. आय.एस.सी.आय.आय. हे भारतीय लिपींचे मानक १९९१ पासून होते, पण ते पत्रव्यवहारात रुळले नाही. स्पॅमअसॅसिनमध्ये वापरकर्त्याला मान्य असलेल्या लिपीसंचांची यादी देता येई. तीत इंग्रजी, जपानी, कोरियन, रशियन, थाई व चिनी यांचे संकेत होते, देवनागरीचा नव्हता. याउलट भाषा ओळखणाऱ्या त्याच्याच दुसऱ्या भागात मराठी व संस्कृत यांना स्वतंत्र संकेत आहेत. वेलणकरांना हे आवडले असते.

युनिकोड स्थिरावल्यावर हा अडसर बराच कमी झाला. २०१२ मध्ये रोमनेतर अक्षरांतील ई-मेल पत्त्यांची मानके आली आणि २०१४ मध्ये देवनागरी 'डॉट भारत' सुरू झाले. तरी देवनागरी पत्ता भरताच 'वैध पत्ता लिहा' असे बजावणारे अर्ज आजही भेटतात.

बेवारस पत्राचे काय होते?

टपाल खात्यात पत्ता न सापडलेल्या पत्राची ठरलेली वाट होती. १८९८ च्या कायद्याची कलमे ३७ ते ३९ याच विषयावर आहेत. असे पत्र परत-पत्र कार्यालयात जाई; पूर्वी त्याला मृत-पत्र कार्यालय म्हणत. तेथे नेमलेला अधिकारी ते उघडू शके, पण कशासाठी? पाठविणाऱ्याचा पत्ता शोधून त्याला ते परत करण्यासाठी. नष्ट करणे हा शेवटचा पर्याय होता आणि त्याआधी माणसाची नजर त्यावरून जात असे.

ई-मेलच्या मूळ नियमांतही ही भावना होती. ज्या सर्व्हरने पत्र स्वीकारले, त्याने ते पोहोचवावे किंवा पोहोचले नाही असे पाठविणाऱ्यास कळवावे. घाऊक पत्रे खोट्या नावाने येऊ लागल्यावर या सूचना निरपराधांच्या पेट्यांत कोसळू लागल्या आणि कळविण्याची प्रथा मोडकळीस आली. ऑक्टोबर २००८ च्या सुधारित मानकाने पत्र गुपचूप टाकून देण्यास जागा दिली, मात्र पत्र घातक वा लबाडीचे असल्याची अतिशय खात्री असेल तरच. व्यवहारात बहुतेक सेवादात्यांनी मधला मार्ग काढला : अडगळीचा कप्पा. पत्र आले, पण कोणी पाहणार नाही अशा जागी. पाठविणाऱ्याला वाटते पोहोचले. घेणाऱ्याला वाटते आलेच नाही. दोघेही खरे बोलतात.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात घडलेला व प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिलेला प्रसंग येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. एका विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जातील त्रुटी सात दिवसांत दूर करावी, असे पत्र संबंधित कार्यालयाने महाविद्यालयाच्या ई-मेलवर धाडले. पत्र अडगळीच्या कप्प्यात गेले. एकविसाव्या दिवशी, ती मुलगी चौथ्यांदा विचारावयास आली तेव्हा, कप्पा उघडला गेला. आणखी नऊ दिवस गेले असते तर तीस दिवसांच्या नियमाने ते तेथूनही पुसले गेले असते. पत्राचा शिरोभाग काढून पाहिला, तेव्हा कारण समजले. अमुक संस्थेची पत्रे कोणत्या सर्व्हरने पाठविणे अधिकृत आहे, हे जाहीर करण्याची 'एसपीएफ' नावाची नोंद असते. तिचे मानक २००६ चे. त्या कार्यालयाने सर्व्हर बदलला होता, नोंद मात्र जुनीच राहिली होती. म्हणून खरे सरकारी पत्र तोतयाचे ठरले. कार्यालयाकडे 'पाठविले' अशी नोंद होती, महाविद्यालयाकडे 'प्राप्त नाही' अशी. अर्ज पुढे सरकला नाही आणि त्या वर्षाचे शुल्क तिच्या वडिलांनी उसने घेऊन भरले.

येथे दोष कोणाचा? १८९८ च्या कायद्याचे कलम ६ खात्याला पत्र हरविल्याच्या दायित्वातून मुक्त करी, परंतु नोकराने लबाडीने वा जाणूनबुजून तसे केले असल्यास तो वैयक्तिक जबाबदार राही. म्हणजे जबाबदार धरावयास निदान एक हात होता. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ ने जुना कायदा संपुष्टात आणला. पत्र बेकायदा उघडणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी जी शिक्षा जुन्या कायद्यात होती, तशी तरतूद नव्यात नाही. नोंदणीकृत टपालही २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. अशा रीतीने टपालाचा कायदा हळूहळू ई-मेलच्या व्यवहारासारखा होऊ लागला आहे, हे निरीक्षण विधी विभागाच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहावे.

त्या महाविद्यालयाने सर्व्हर बदलला नाही, तेवढा निधीही नव्हता. सरकारी कार्यालयांच्या पत्त्यांना मुख्य पेटीत ठेवण्याचा एक नियम चाळणीत घातला गेला आणि कार्यालयीन आदेश निघाला. आता आस्थापना विभागातील लिपिक रोज सकाळी अकरा वाजता अडगळीचा कप्पा उघडतात, त्यातील कामाचे पत्र आवक नोंदवहीत चढवितात आणि शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने 'अडगळीतून' असे लिहितात. पहिल्या महिन्यात अशी अकरा पत्रे चढली.